चित्रकामाच्या टॅब्लेटच्या पडद्यावर ओरखडे पडल्यास काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पडदा असलेला ड्रॉइंग टॅब्लेट, म्हणजे पेन डिस्प्ले, दोन वर्षे रोज वापरल्यावर त्याच्या मधल्या भागात बारीक रेघांचे जाळे दिसू लागले आहे आणि त्यांपैकी एका चऱ्यात पेनची निब, म्हणजे बदलता येणारे टोक, अडकल्यासारखी वाटते. तो चरा टूथपेस्टने किंवा काच घासण्याच्या पावडरीने घालवावा, वरून फिल्म लावावी, की टॅब्लेटच बदलावा, असे विचारले आहे.

मी गेली पंधरा वर्षे अशाच उपकरणांवर चित्रे काढतो आणि शिकायला येणाऱ्यांचे टॅब्लेटही बरेचदा माझ्याच टेबलावर तपासले जातात. त्या अनुभवावरून आधीच सांगतो की टूथपेस्ट आणि पावडर या दोन्हींपासून दूर राहावे, फिल्म कदाचित लावावी लागेल, आणि टॅब्लेट बदलण्याची वेळ बहुधा आलेली नाही. मात्र यातील काहीही करण्याआधी आपण ज्याला ओरखडा म्हणत आहात तो खरोखर ओरखडा आहे का आणि असल्यास तो कोणत्या थरावर आहे, हे ठरवावे लागेल. माझ्याकडे ‘पडदा खराब झाला’ म्हणून आलेल्या उपकरणांपैकी बऱ्याच उपकरणांच्या काचेला काहीही झालेले नव्हते.

तपासणीसाठी टॅब्लेट बंद करून पडदा पूर्ण काळा होऊ द्यावा, खोलीतला दिवा मालवावा आणि विजेरीचा प्रकाश पडद्याला जवळपास समांतर, अगदी तिरपा टाकावा. समोरून न दिसणाऱ्या खुणाही अशा प्रकाशात उठून दिसतात. आता स्वच्छ मायक्रोफायबर कापडाचा एक कोपरा साध्या पाण्याने किंचित ओला करून त्या खुणांवर हलक्या हाताने फिरवावा. ज्या खुणा पुसल्या जातात किंवा फिकट होतात त्या ओरखडे नसून निबचे प्लॅस्टिक आहे. बहुतेक निबा पॉलिअ‍ॅसिटल नावाच्या कडक पण काचेपेक्षा बऱ्याच मऊ प्लॅस्टिकच्या असतात. चकाकी कमी करण्यासाठी पेन डिस्प्लेची काच रसायनाने कोरून सूक्ष्म खरखरीत केलेली असते, तेव्हा ती काच निबला कानशीसारखी घासते आणि निबचा चुरा रेघेच्या रूपाने तिच्यावर चिकटून राहतो. पाटीवर पेन्सिल उमटावी तसाच हा प्रकार आहे. पाटीला काही होत नाही, झिजते ती पेन्सिल. अशी रेघ पाण्याने लगेच निघाली नाही तर ओले कापड अर्धा मिनिट तिच्यावर ठेवून पुन्हा पुसावे. तरीही राहिली आणि उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत अल्कोहोलला मनाई नसेल, तर कापडावर, पडद्यावर नव्हे, सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन तेवढ्याच जागी एकदाच पुसावे. हे रोजच्या सफाईचे साधन होऊ देऊ नये, कारण तेलकट बोटांचे ठसे धरू नयेत म्हणून काही पडद्यांवर जो अतिशय पातळ लेप असतो तो वारंवारच्या अल्कोहोलने आणि घासण्याने लवकर उतरतो.

दुसऱ्या प्रकारच्या खुणा पुसल्या जात नाहीत, पण त्यांवरून नख आडवे फिरवले तर काहीच जाणवत नाही. त्या रेघा किंवा डाग आजूबाजूच्या भागापेक्षा जास्त चकचकीत दिसतात. येथे खाच पडलेली नसून खरखरीतपणा झिजून पृष्ठभाग गुळगुळीत झालेला असतो. वरचा थर प्लॅस्टिकच्या फिल्मचा असेल तर हे फार लवकर होते आणि नेमके जेथे हात सर्वाधिक चालतो तेथे, म्हणजे पडद्याच्या मध्यभागी होते. आपण वर्णन केलेले जाळे बहुतांशी या प्रकारचे असावे, असा माझा अंदाज आहे.

तिसरा प्रकार खऱ्या ओरखड्याचा. नख आडवे नेताना ते अडकते, आणि तिरप्या प्रकाशात रेघेच्या दोन्ही कडा वेगळ्या चमकतात. निब जेथे अडते असे आपण म्हणता तो चरा या वर्गातला आहे.

आता थर ओळखण्याकडे वळू. पडद्याच्या कडेला, काच जेथे चौकटीला भेटते तेथे, नखाने अलगद चाचपून पाहावे. कित्येक पेन डिस्प्ले कारखान्यातूनच वर मॅट, म्हणजे चकाकी नसलेली, फिल्म लावून येतात, आणि वापरणाऱ्याला दोन वर्षांनंतरही तिचा पत्ता नसतो. कडेला पातळ धार लागली किंवा एखाद्या कोपऱ्यात फिल्म किंचित सुटलेली दिसली, तर आपला चरा बहुधा त्या फिल्मवर आहे. मग फिल्म बदलली की प्रश्न संपतो. काही उपकरणांत मात्र ही फिल्म कायमची चिकटवलेली असते आणि निर्मात्याने ती काढू नये असे सांगितलेले असते, म्हणून ओढण्याआधी आपल्या नेमक्या मॉडेलची माहितीपुस्तिका वाचावी. कडेला काहीच हाती लागले नाही आणि पृष्ठभाग बोटाला थंडगार लागला, तर ती काच आहे असे धरून चालावे.

काच असेल तर ती निबेने कशी कापली गेली, हा प्रश्न साहजिक आहे. तिला निबेने कापलेलेच नसते. खनिजांचा कठीणपणा मोजण्याचे जे मोह्स मापन आहे, त्यावर साधी काच सुमारे साडेपाचच्या आसपास येते आणि नख सुमारे अडीचवर. पॉलिअ‍ॅसिटलची निब काचेच्या खूपच खाली राहते. पण वाळूतला आणि घरातल्या धुळीतही सापडणारा क्वार्ट्झचा कण सातवर असतो. असा एखादा कण निबेखाली किंवा तळहाताखाली सापडला आणि आपण त्याच्यावरून जोर देऊन रेघ ओढली, की काच कापली जाते. निब त्या वेळी केवळ कण धरणाऱ्या मुठीचे काम करते. टोक तिरके झिजून सपाट आणि धारदार झालेली निब असा कण आपल्या कडेत अडकवून दूरवर ओढत नेते, म्हणून झिजलेली निब धोक्याची असते. तिची स्वतःची धार काचेला फारशी लागत नाही, मात्र प्लॅस्टिकच्या फिल्मला नक्की लागते. धातूच्या निबा वेगळ्या विकत मिळतात. कागदावरच्या टाकासारखा स्पर्श हवा म्हणून काही जण त्या घेतात. मी त्या कोणत्याही पडद्यावर वापरू देत नाही. ॲपल पेन्सिल वापरणाऱ्यांनीही टोकाचे पांढरे प्लॅस्टिक झिजून आतला धातू दिसू लागला आहे का, हे दर आठवड्याला पाहावे आणि दिसताच टोक बदलावे.

टूथपेस्टबद्दल सविस्तर लिहितो, कारण हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि त्याने झालेले नुकसान परत भरून येत नाही. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी असते. काचेतली खाच भरून काढण्याची शक्ती तिच्यात नाही. ती फक्त खाचेच्या आजूबाजूचा पृष्ठभाग थोडाथोडा घासू शकते. प्लॅस्टिकच्या फिल्मवर तिने धुरकट डाग पडतो. कोरलेल्या काचेवर ती खरखरीतपणा असमान करते. तरीही पुष्कळ लोक शपथेवर सांगतात की टूथपेस्टने ओरखडा गेला. ते खोटे बोलत नाहीत, पण त्यांना जे दिसले त्याचे कारण वेगळे आहे. ओरखडा डोळ्यांना दिसतो तो काच आणि खाचेतली हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो म्हणून. अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो याचे माप, काचेचा सुमारे दीड असतो आणि हवेचा एक. खाचेत पाणी, तेल किंवा पेस्टचा ओलसर अंश भरला की हा फरक कमी होतो, प्रकाश कमी विखुरतो आणि खाच जवळपास दिसेनाशी होते. दोन दिवसांनी तो अंश सुकला किंवा पुसला गेला की रेघ पुन्हा तेथेच दिसते.

काच घासण्याच्या पावडरीची, म्हणजे सेरियम ऑक्साइडची, गोष्ट निराळी आहे. ती पावडर काच खरोखर घासते, भिंगे आणि आरसे पॉलिश करायला ती वापरतात. साध्या खिडकीच्या काचेवर संयमाने काम केले तर ती उथळ रेघ घालवतेही. पण पेन डिस्प्लेची काच ही खिडकी नव्हे. पहिली अडचण अशी की घासल्याने कोरलेला खरखरीतपणा जातो आणि त्या जागी आरशासारखा चकचकीत गोल उरतो, ज्यात खोलीतला दिवा दिसतो आणि ज्यावरून जाताना निब अचानक घसरते. दुसरी अडचण मजबुतीची. टच टॅब्लेटची आणि अनेक पेन डिस्प्लेंची काच वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून मजबूत केलेली असते. काचेतल्या लहान सोडियम अणूंच्या जागी मोठे पोटॅशियम अणू घुसतात आणि वरचा, मायक्रोमीटरांत म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावा लागणारा पातळ थर आतून दाबलेल्या अवस्थेत राहतो. ही काच सहज तडकत नाही ती त्या थरामुळे. खोल चरा पूर्ण जाईपर्यंत घासायचे म्हणजे तोच थर खरवडायचा. तिसरी अडचण पाण्याची, कारण पावडरीला सतत ओलावा लागतो आणि चौकटीच्या फटीतून तो आत उतरतो.

हे मी अनुभवाने सांगत आहे. माझ्या पहिल्या पेन डिस्प्लेवर बोटभर लांबीचा एक चरा होता आणि मी तो सेरियम ऑक्साइडने दोन संध्याकाळी घासला. चरा निम्मा राहिला, त्याच्याभोवती तळहाताएवढ्या रुंदीचा चकचकीत डाग तयार झाला, आणि पुढची तीन वर्षे चेहऱ्यांचे बारीक काम मी तो भाग टाळून, चित्र बाजूला सरकवून करत राहिलो. चरा तसाच ठेवला असता तर कामात इतका अडथळा आला नसता. ज्यांनी मला विचारले त्या सर्वांना मी तेव्हापासून एकच सांगतो, की काचेतला ओरखडा झाकता येतो, घालवता येत नाही.

झाकण्याचा मार्ग म्हणजे फिल्म, आणि ती काम करते त्यामागे वर सांगितलेलेच कारण आहे. फिल्मच्या मागचा चिकट थर मऊ असतो, तो बारीक खाचांमध्ये शिरतो आणि त्याचा अपवर्तनांक हवेपेक्षा काचेच्या कितीतरी जवळ असतो. त्यामुळे उथळ रेघा फिल्मखाली खरोखर नाहीशा झाल्यासारख्या दिसतात. आपल्या पडद्यावर हे जमेल का, याची चाचणी अगदी सोपी आहे. बोट पाण्यात किंचित बुडवून चऱ्यावर टेकवावे. ओल असेपर्यंत चरा दिसेनासा झाला, तर फिल्मखालीही तो बहुधा झाकला जाईल. ओलीतही तो ठळक दिसत राहिला, तर खाच खोल आहे किंवा तिच्या कडा तुटलेल्या आहेत. फिल्म लावल्यावर तेथे हवेची बारीक चंदेरी रेघ राहील. तशा स्थितीतही फिल्मचा उपयोग होतो, कारण निब खाचेत अडकणे थांबते आणि आपली मुख्य तक्रार तीच आहे.

कोरलेल्या काचेवर फिल्म लावणाऱ्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. खरखरीत पृष्ठभागावर चिकट थर सर्वत्र सारखा बसत नाही, त्यामुळे काही फिल्म अशा काचेवर धरतच नाहीत किंवा ठिकठिकाणी ढगाळ दिसतात. आपल्याच मॉडेलसाठी बनवलेली, मॅट काचेवर चालते असे स्पष्ट लिहिलेली फिल्म घ्यावी. तशी मिळाली नाही तर मोठ्या पडद्यावर थेट प्रयोग करण्याऐवजी दुसऱ्या एखाद्या फिल्मचा छोटा तुकडा कोपऱ्यात लावून एक दिवस थांबावे.

फिल्म लावण्याचे बहुतेक यश धुळीवर अवलंबून असते. पंखा बंद असावा. ज्या खोलीत नुकतीच वाफ झालेली आहे, म्हणजे गरम पाण्याच्या आंघोळीनंतरची न्हाणी, तेथे धूळ खाली बसलेली असते. टॅब्लेट वायरीतून मोकळा करून, पूर्ण बंद करून तेथे काम करावे आणि वाफ विरल्यावरच सुरुवात करावी. फिल्म आधी कोरडीच पडद्यावर ठेवून नीट जुळवावी, एका बाजूला चिकटपट्टीने बिजागरीसारखी अडकवावी, मग उघडून मागचा कागद काढत हळूहळू खाली आणावी. आत एखादा कण राहिलाच, तर फिल्म तेवढ्यापुरती उचलून चिकटपट्टीच्या टोकाने तो टिपावा. फुंकर मारू नये, तोंडातला थेंब फिल्मखाली कायमचा राहतो.

कागदासारखा स्पर्श देणाऱ्या फिल्मांना दोन किमती मोजाव्या लागतात. त्यांच्या खरखरीतपणातून खालचे पिक्सेल किंचित दाणेदार, रंगीत ठिपक्यांसारखे दिसतात, आणि निब लवकर झिजते. रंगांची बारीक पारख करायची असेल त्यांनी कमी खरखरीत फिल्म निवडावी. रेघेचे काम करणाऱ्याला खरखरीत फिल्म आवडते, आणि ती आवड मी रास्त मानतो.

निब त्या चऱ्यावर अडखळते तेव्हा चित्रातली रेघही तुटते, म्हणून सेन्सर बिघडला की काय, अशी शंका अनेकांना येते. बहुतेक पेन डिस्प्लेंमध्ये पेनची जागा ओळखणारा सेन्सर काचेत नसतोच. विद्युतचुंबकीय तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रणेत तो पडद्याच्या पाठीमागच्या पटलात असतो आणि पेन पडद्यापासून काही मिलीमीटर उंच धरले तरी ते ओळखले जाते. त्यामुळे वरच्या ओरखड्याने त्याला बाधा होत नाही. खात्री करायची असेल तर पेन पडद्याला न टेकवता, किंचित वर धरून चऱ्यावरून न्यावे आणि कर्सर पाहावा. कर्सर सरळ गेला आणि टेकवल्यावरच रेघ थरथरली, तर दोष केवळ निबच्या अडखळण्याचा आहे. कर्सर वरूनही उडी मारत असेल तर मात्र तो ओरखड्याचा विषय राहत नाही. ड्रायव्हर (टॅब्लेट संगणकाला जोडून देणारे सॉफ्टवेअर), वायर किंवा शेजारच्या चार्जरचा हस्तक्षेप तपासावा. पेनची जागा अशी काही मिलीमीटर अंतरावरूनही ओळखली जात असल्यामुळे फिल्मच्या जाडीनेही फरक पडत नाही. थोडाफार फरक जाणवतो तो निबचे टोक आणि खालची रेघ यांच्यातल्या अंतरात, आणि त्याचीही सवय लवकर होते.

पुढे नवे ओरखडे पडू नयेत म्हणून काय करावे, यात माझ्या मते सर्वांत मोठा वाटा हाताच्या जोराचा आहे. नव्याने शिकणारे आणि कागदावर वर्षानुवर्षे पेन्सिल दाबून काम केलेले चित्रकार, दोघेही ठळक रेघेसाठी पेन पडद्यात रुतवतात. आजच्या पेनांत दाबाच्या ८१९२ पातळ्या सर्रास असतात. शेवटच्या पातळीपलीकडे कितीही दाबले तरी रेघ जाड होत नाही, फक्त काच, फिल्म आणि निब झिजते. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये दाबाचा कर्व्ह, म्हणजे किती दाबाला किती जाड रेघ हे ठरवणारी वक्ररेषा, मऊ बाजूला न्यावा, म्हणजे थोड्या दाबातही पूर्ण जाड रेघ येईल. पहिले दोन दिवस रेघा अवाजवी जाड येतात, नंतर हात आपोआप हलका होतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी हा एकच बदल केला त्यांच्या निबाही कितीतरी जास्त दिवस टिकू लागल्या.

निब दर आठवड्याला बाहेर काढून उजेडात पाहावी. टोक गोल असेल तर पेनमध्ये थोडे फिरवून परत बसवावे, म्हणजे ते एकाच बाजूने झिजणार नाही. टोक छिन्नीसारखे सपाट झाले असेल तर ती निब टाकून द्यावी. सँडपेपरवर घासून गोल करण्याचा मोह टाळावा, कारण सँडपेपरचे कण प्लॅस्टिकमध्ये रुततात आणि मग तीच निब कानस बनते. फेल्टच्या निबा स्पर्शाला सुंदर असतात, पण त्यांच्या तंतूंत धूळ साठते, म्हणून त्या वापरणाऱ्याने पडदा जास्त वेळा साफ करावा.

साफ करताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी कॅमेऱ्यासाठी मिळणाऱ्या रबरी फुग्याने हवा मारून कण उडवावेत, नंतरच कापड लावावे. कोरडे कापड आधी फिरवले तर आपण त्या कणांनीच पडदा घासत असतो. कागदी रुमाल वापरू नये. मायक्रोफायबर कापड आणि चित्रकाराचा दोन बोटांचा हातमोजा नियमित धुवावेत, कारण हातमोज्याने तळहात सहज सरकतो खरा, पण त्याच्या कापडात अडकलेली धूळही त्याच्याबरोबर दिवसभर पडद्यावर फिरते. काम संपल्यावर पडद्यावर स्वच्छ कापड पसरावे, आणि त्यावर पेन, वही, किल्ल्या असे काहीही ठेवू नये.

पडदा नसलेले टॅब्लेट वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहितो. तेथे वरचा थर प्लॅस्टिकचा असतो, तो झिजणारच, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. काही मॉडेलांत हे पटल बदलता येते. ज्यांत येत नाही तेथे साधा जाड कागद किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचा तावही वर चिकटवून काम उत्तम चालते. शिवाय ड्रायव्हरमधून सक्रिय क्षेत्र, म्हणजे पेन जेथे चालते तो भाग, थोडे बाजूला सरकवता येते, म्हणजे रोजचा हात न झिजलेल्या भागावर पडतो.

शेवटी टॅब्लेट बदलण्याबद्दल. आपल्या उपकरणात काच आणि एलसीडी पारदर्शक चिकट थराने एकत्र जोडलेले असतील, आणि अलीकडच्या मॉडेलांत ते बहुधा असतातच, तर नुसती काच सहसा बदलून मिळत नाही. पूर्ण पटल बदलावे लागते आणि तो खर्च नव्या उपकरणाच्या जवळ जातो. पृष्ठभागाची झीज सहसा हमीतही बसत नाही. म्हणून निर्णयाची माझी कसोटी साधी आहे. फिल्म लावल्यावर, रोजच्या उजेडात, पांढरा कॅनव्हास उघडून नेहमीच्या अंतरावरून बसावे आणि तासभर आपले नेहमीचे काम करावे. त्या तासात डोळा चऱ्याकडे सारखा जात नसेल आणि निब अडत नसेल, तर उपकरण आणखी काही वर्षे निर्धास्त वापरावे. चरा काचेच्या कडेपर्यंत पोहोचलेला असेल किंवा त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तडा निघालेल्या दिसत असतील, तर मात्र तो ओरखडा नसून भेग आहे. त्यावर हाताचा भार देणे लगेच थांबवावे, काचेचे कण हाताला लागू नयेत म्हणून त्यावर चिकटपट्टी लावावी आणि उपकरण दुरुस्ती केंद्रात दाखवावे.